कलमाखालचा फुटवा

माझ्या आयुष्यात मी जेवढं खोटं बोललो, त्यातलं निम्मं तरी संडासातून बाहेर आल्यावर बोललो आहे. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, एवढा वेळ?" आणि मी म्हणायचो, "पेपर वाचत होतो." आमच्याकडे पेपर बंद करून तेव्हा दोन वर्षं झाली होती.

मी मास्तर आहे. राहतो डहाणूला, शाळा तळासरी तालुक्यात, वेवजीच्या अलीकडे. आपलं शरीर हा विषय मी इतक्या वेळा शिकवला आहे की झोपेतही शिकवू शकेन. "शरीर आपल्याशी बोलत असतं, फक्त ऐकायला हवं," हे वाक्य पुस्तकात नाही. ते माझं स्वतःचं आहे आणि मला त्याचा फार अभिमान होता. मग एका सकाळी माझं शरीर माझ्याशी लाल शाईत बोललं, आणि मी त्याला सांगितलं, गप्प बस, काल लाल माठाची भाजी होती.

दुसऱ्या वेळी बीट होतं. तिसऱ्या वेळी आदल्या दिवशी नुसता दहीभात खाल्ला होता, म्हणून ही मूळव्याध आहे असं मी ठरवून टाकलं. मूळव्याधीचं एक बरं असतं. तिला इभ्रत आहे. आमच्या शाळेत तीन शिक्षक, त्यातल्या दोघांना होतीच. मी तिसरा झालो तर पट पूर्ण होईल एवढंच. त्यातल्या एका गुरुजींनी सांगितलं की तळासरीच्या आठवडी बाजारात एक म्हातारा झाडपाल्याचं औषध घेऊन बसतो, त्याचं चूर्ण घे. गेलो. म्हाताऱ्याने पुडी बांधण्याआधी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "दागतरला दाखवलंस ना?"

"दाखवलं," मी म्हणालो.

त्या माणसाचा यात काडीइतका दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो. त्याने विचारायचं ते विचारलं. मी मास्तर असून उत्तर चुकीचं दिलं.

चूर्ण मी कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरलं. चव अशी, की कडू कारल्याला त्याच्यापुढे पेढा म्हणावं. पण रक्त आठ दिवस थांबलं. मग पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. थांबलं की मी म्हणायचो चूर्णाने थांबलं, दिसलं की म्हणायचो काल चूर्ण चुकलं. एवढा निष्ठावान रुग्ण कुठल्याही औषधाला मिळाला नसेल.

आता दादाकडे येतो, कारण ही खरी गोष्ट त्याची आहे.

माझा मोठा भाऊ झाईला असतो. तिथे आमची चिकूची वाडी आहे, वडिलांनी लावलेली. तिच्यापलीकडे सरूची झाडं, मग समुद्र, आणि चार पावलं पुढे गेलं की गुजरात. वहिनी त्या बाजूची, उंबरगावची. रागावल्या की अर्धं बोलणं गुजरातीत जातं, आणि त्या बऱ्याचदा रागावलेल्या असतात. रविवारी मी वाडीवर जातो. दादाला माझ्यावाचून काही अडत नाही, पण चिकू उतरवताना खाली उभं राहून चुका काढायला त्याला कोणीतरी लागतं, म्हणजे कोणाच्या तरी चुका काढायला. मी झेला, म्हणजे काठीला बांधलेली जाळी, धरतो, दादा म्हणतो, "मास्तर, तो चिकू आहे, फुटबॉल नाही."

त्या रविवारी दादा वाडीच्या टोकाला असलेल्या संडासात बराच वेळ होता. बाहेर आला तो माझ्याकडे न बघता हात धुवत राहिला. मग झाडाकडे बघत म्हणाला, "काय रे, तुझ्या ओळखीत कोणाला बसायचा त्रास आहे का?"

"कसला बसायचा?"

"अरे बसायचा. माझ्या ओळखीचा एक जण आहे. त्याला रक्त पडतं म्हणे."

मीही झाडाकडे बघायला लागलो. "माझ्याही ओळखीचा एक जण आहे."

"तो काय घेतो?"

"चूर्ण घेतो. तळासरीच्या बाजारातलं."

"गुण आहे?"

"तो म्हणतो, आहे."

"बघ, मिळालं तर आण थोडं. त्याला देतो."

पुढच्या रविवारी मी कॉफीचा अख्खा डबाच दिला. स्वतःसाठी दुसरा घेतला. दोन भाऊ, पन्नाशीच्या दोन्ही बाजूंचे, एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेले, आणि एकमेकांना सांगताना आम्हाला दोन त्रयस्थ लागले. परत येताना एसटीत मला फार समाधान वाटत होतं. आपण भावासाठी काहीतरी केलं, असं.

त्यानंतर पाच-सहा महिने गेले. माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो. शाळेच्या पायऱ्या तीनच आहेत, पण त्या मला चढवेनात. मुलांना कवायत सांगता सांगता मीच खाली बसलो. बायकोने एका संध्याकाळी माझी बोटं उजेडात धरून नखं पाहिली आणि म्हणाली, "ही नखं आहेत की खडू?" दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. रक्त इतकं कमी होतं की तपासणाऱ्या मुलीने पुन्हा तपासलं. बायकोने मला समोर बसवलं.

"पेपरमध्ये काय बातमी होती हो इतके महिने?"

तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिने कॉफीचा डबा उचलला, झाकण उघडून वास घेतला, आणि म्हणाली, "एवढं कडू खायची तयारी होती, पण डॉक्टरकडे जायची नाही."

वापीला एका डॉक्टरांकडे दुर्बिणीने तपासायचं ठरलं. ही दुर्बीण आकाशाकडे लावायची नसते, हे मला ऐकून माहीत होतं. पण तिच्याआधी जे पाणी पितात त्याबद्दल कोणीच बोलत नाही. लिंबाचा वास मारलेली पावडर, दोन तांबे पाण्यात, पहाटेपासून थोडं थोडं. आतड्यात काही म्हणजे काही शिल्लक राहता कामा नये. वेळ दुपारची मिळाली होती, आणि आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीने निघालो. आशागड ओलांडेपर्यंत मी ठीक होतो. हायवेला लागल्यावर नव्हतो. त्या दिवशी चारोटी ते वापी या रस्त्यावरच्या एकूण एक पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो आणि कुठेच पेट्रोल भरलं नाही. तळासरीच्या पंपावर एक माजी विद्यार्थी कामाला होता. "गुरुजी, तुम्ही!" म्हणून तो पाया पडायला वाकला आणि मी त्याच्या अंगावरून उडी मारून आत गेलो. माझ्या नोकरीतला एकमेव गुरुपौर्णिमेचा प्रसंग, तोही असा.

दुर्बिणीच्या वेळी मला झोपेचं इंजेक्शन होतं. जागा झालो तेव्हा डॉक्टर समोर फोटो घेऊन बसले होते. सीमेपलीकडचे, गुजराती, बोलणं गोड, मराठी स्वतःच्या पद्धतीचं. फोटोत एक गुलाबी, ओला, चकचकीत बोगदा होता. तो माझा आहे हे कळल्यावर मला उगीचच थोडं बरं वाटलं, इतका स्वच्छ मी बाहेरून कधीच नव्हतो. मग त्यांनी बोट ठेवलं. बोगद्याच्या भिंतीवर पावसात ओंडक्यावर उगवते तशी एक अळंबी उभी होती. देठासकट.

"आ पॉलिप," डॉक्टर म्हणाले. "तीन होते. तिन्ही तारेच्या फासात पकडून कापले. आता लॅब सांगेल कशाचे ते. समजला ने?"

मी विचारलं, "हे आलं कुठून? काही खाल्ल्याने?"

त्यांनी कागद उलटा केला आणि चित्र काढलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर माझ्या भाषेत बसवून घेतलं, मास्तरांची खोड. आपल्या मोठ्या आतड्याला आतून एक पातळ अस्तर असतं. ते सारखं झिजतं, म्हणून शरीर ते दर चार-पाच दिवसांनी नवं करतं. जुनी पेशी गळते, नवी पेशी जुनीवरून उतरवून घेतली जाते. आमच्या वर्गात असंच होतं. पहिल्या बाकावरचा मुलगा फळ्यावरून गणित उतरवतो, दुसरा पहिल्याचं बघून, तिसरा दुसऱ्याचं. बहुतेक वेळा बरोबर उतरतं. कधी एखादा आकडा चुकतो. मीच तो खोडतो, तसं शरीरही खोडतं. पण एखादी चूक माझ्या नजरेतून सुटली की पुढचे सगळे तीच उतरवतात, आणि शेवटच्या बाकापर्यंत ती पोचते तेव्हा तिच्यात अजून दोन चुका मिसळलेल्या असतात. आतड्यातही एकाच चुकीने काही बिघडत नाही. एका चुकीने पेशी जरा जास्त वाढतात आणि भिंतीवर छोटा उंचवटा येतो. तो वर्षानुवर्षं तसाच बसून राहू शकतो. बरेचसे बसूनच राहतात. एखाद्यात मात्र चुकांवर चुका साचतात, आणि मग त्या पेशींना 'थांबा' हे सांगितलेलं ऐकू येईनासं होतं. याला आठ-दहा वर्षं लागू शकतात. तेवढी वर्षं माणूस मजेत जेवत असतो. मी जेवत होतो.

"अस्तराच्या आत राहिला तोपर्यंत आपण राजा," डॉक्टर म्हणाले. "अस्तर फोडून खालच्या स्नायूत गेला, की मोठं ऑपरेशन. तिथून गाठींमध्ये गेला, रक्तातून लिव्हरमध्ये गेला, की मग लांबची वाट. घरात कोणाला होतं?"

"वडिलांना पोटात गाठ होती," मी म्हणालो. "शेवटी शेवटी कळलं."

"भाऊ-बहीण?"

"एक भाऊ. मोठा."

"त्यांना आणा. वडिलांना होतं, तुम्हाला आला, म्हणजे त्यांना तपासलाच पाहिजे. त्यांना काय त्रास? रक्त वगैरे?"

आणि मी, ज्याच्या आत तासाभरापूर्वी दुर्बीण फिरवून शेवटच्या सुरकुतीपर्यंत पाहिलं होतं, ज्याच्याकडे लपवायला आता अक्षरशः काही उरलं नव्हतं, तो मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, हे मला तेव्हाही माहीत होतं. रक्त आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मग आतापर्यंत काय करत होते. आणि त्याचं उत्तर कॉफीच्या डब्यात होतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. दोन पॉलिप साधे. तिसऱ्याच्या शेंड्याला वाईट सुरुवात झालेली, पण अस्तराच्या आतच, आणि देठ स्वच्छ. म्हणजे आला होता तो कापून गेला होता. ठराविक काळाने पुन्हा पाहायचं, एवढंच. बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, "आता दादांना कधी सांगताय?"

"रविवारी."

पहिल्या रविवारी मी दादाला सांगायला गेलो आणि पिशवीभर चिकू घेऊन परत आलो.

दुसऱ्या रविवारी बोललो. पण मी सरळ बोललो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. दादा टोपल्यातले चिकू निवडत होता. एक चिकू त्याने बाजूला टाकला. बाहेरून गुळगुळीत, पण एका बाजूला टाचणीएवढं भोक. बी पोखरणारी अळी. फळ लहान असताना ती आत शिरते, बीमध्ये जाऊन बसते, आणि फळ आपलं वाढत राहतं. भोक दिसतं ते अळी बाहेर पडताना. मला वाटलं, वा! दाखला आयता मिळाला.

"दादा, माणसाच्या पोटातही असं होतं," मी म्हणालो. "बाहेरून काही दिसत नाही. आत बसलेलं असतं. फार उशिरा कळतं. त्या तुझ्या ओळखीच्या माणसालाही आत असं असू शकतं."

दादाने चिकू हातात फिरवला. बराच वेळ बघितला. "असं होय," म्हणाला. "मग औषध घ्यायला पाहिजे त्याने."

"तपासायला पाहिजे. मी तुला वापीचा पत्ता देतो."

"दे की."

मी पत्ता दिला आणि इतक्या हलक्या मनाने परत आलो की डहाणूला उतरल्यावर बायकोसाठी गजरा घेतला. तिने गजरा घेतला आणि विचारलं, "दादा काय म्हणाले?" मी म्हणालो, "समजलं त्यांना." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे केंद्रप्रमुख हजेरीपट पाहतात.

तिसऱ्या रविवारी दादा मला फाटकाशीच भेटला. खुशीत होता.

"मास्तर, अळीचं काम झालं!"

"कुठली अळी?"

"अरे ती. आतली. उंबरगावच्या मेडिकलमधून जंताची गोळी आणली. तुम्ही शाळेत पोरांना एक देता ना, ती. मी म्हटलं, एवढा मोठा देह, एकीने काय होतं? फवारणी एकदा करून अळी जाते का कधी? तीन दिवस घेतली. आणि बघ, दोन दिवस रक्त नाही!"

त्याच्या ओळखीचा माणूस या आनंदात कुठे नाहीसा झाला, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

मी हसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच हसलो. वर्षातून दोनदा शाळेत जंतनाशक गोळी वाटणारा, मुलांसमोर स्वतः चघळून दाखवणारा मास्तर मी. माझ्याच दाखल्याने माझा भाऊ आणखी एक आठवडा मागे गेला होता. आधी चूर्ण, आता गोळी. दोन्ही माझ्याच शाळेतली.

"काय झालं?" दादा म्हणाला. "चुकलं का काही?"

"चल आत," मी म्हणालो.

आत म्हणजे वाडीत. दोन वर्षांपूर्वी मेलेल्या झाडांच्या जागी दादाने नवी कलमं लावली होती. त्यातल्या एकापाशी तो सवयीने उकिडवा बसला, आणि बोलता बोलता खोडाच्या बुडाशी आलेला एक कोवळा फुटवा त्याने अंगठ्याने मोडून टाकला. लक्षही न देता, आपण डास मारतो तसा. बोटाला पांढरा चीक लागला, तो त्याने लुंगीला पुसला.

आणि मला कळलं की अळी हा दाखलाच चुकीचा होता.

"दादा, हा फुटवा कोणाचा?" मी विचारलं.

"रायणीचा. दुसरा कोणाचा असणार? कलम बांधलंय रायणीवर, मुळं तिची, वरचं झाड चिकूचं. खालून ती मान वर काढतेच."

"बाहेरून आला का तो?"

"येडा आहेस का? झाडाचाच आहे."

"झाडाचाच आहे ना? मग मोडलास कशाला?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मास्तर आपला तास घेतोय हे त्याला कळलं होतं, पण विषय वाडीचा होता, त्यामुळे त्याने तास होऊ दिला. "ठेवला तर तो चिकूचं खाईल. आधी दिसत नाही, पाल्यात दडतो. नखाने जातो तेव्हा काढायचा. बोटाएवढा झाला की कोयता. मनगटाएवढा झाला की..." आणि तो थांबला.

तो का थांबला ते मला माहीत होतं. विहिरीमागे आमचं एक झाड आहे. वडील आजारी होते त्या वर्षी, आणि पुढच्या दोन वर्षांत, वाडीकडे कोणी पाहिलं नाही. तेवढ्यात त्या झाडाला रायणीने गिळलं. आता एका फांदीला चार चिकू लागतात, बाकी सगळं झाड रायण. उन्हाळ्यात त्याला बारीक पिवळी फळं येतात, चिकट, गोड. मुलं खातात. दादा त्या बाजूला फारसा जात नाही.

"आत अळी नसते दादा," मी म्हणालो. "मी चुकीचं सांगितलं. कोणी बाहेरून येत नाही. आपल्याच आतड्याला फुटवा येतो. आपल्याच पेशींचा. म्हणून गोळीने मरत नाही, गोळीला तो परका वाटतच नाही. माझ्या आत तीन होते. नखाने जातील एवढेच होते म्हणून वापीच्या डॉक्टरांनी काढले. एक वाईट निघाला. बाबांना जे होतं ते हेच असणार, बहुतेक. आणि ती मूळव्याध नव्हती. माझ्या ओळखीचा तो माणूस मीच. मी डॉक्टरला न दाखवता चूर्ण खाल्लं, आणि तेच तुला दिलं."

समुद्राचा आवाज येत होता. आमच्या वाडीत तो कायमच येतो, पण एरवी कोणी ऐकत नाही.

"म्हणजे ते चूर्ण," दादा सावकाश म्हणाला, "काहीच कामाचं नव्हतं?"

"या आजारावर नाही."

"सहा महिने मी ते कडू..." तो उठला. "सहा महिने! सकाळ-संध्याकाळ! तुझ्या वहिनीने त्याच्यावर गूळ दिला तरी मी घेतला नाही, म्हटलं, मास्तरने दिलंय, पथ्य मोडायचं नाही!"

त्याचा आवाज घरापर्यंत गेला. वहिनी हातात उलथनं घेऊनच आल्या. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग मराठीत सुरुवात करून गुजरातीत संपवलं. मधलं मला पूर्ण कळलं नाही, पण 'मास्तर' हा शब्द चार वेळा आला आणि एकदाही आदराने आला नाही. शेवटी त्या दादाकडे वळल्या. "आणि तुम्ही! मी कपडे धुते तुमचे. मला दिसत नाही? विचारलं तर म्हणे, चिकूचा डाग आहे. चिकूचा डाग लाल असतो काय?"

हे ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आमच्या घराण्यात खोटं बोलणारा मी एकटा नव्हतो.

बुधवारी आम्ही वापीला गेलो. सोमवारी शाळेतून मी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं होतं की भावाला सहा महिने रक्त आहे. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, तेव्हा विचारला होता ने मी?" मी "हो" म्हणालो. विद्यार्थी असताना वर्गात मी इतका चांगला कधीच वागलो नव्हतो.

झाईहून वापी जवळ. तरी दादाने भिलाडच्या पुढे दोनदा गाडी थांबवायला लावली, आणि दोन्ही वेळा परत येऊन माझ्याकडे रागाने पाहिलं, जणू ते पाणीही मी बाजारातून आणलं होतं. मग त्याला आत नेलं. वहिनी बाकावर जपमाळ घेऊन बसल्या. मी उभा होतो. माझ्या वेळी मी झोपलो होतो, आणि बाहेर थांबणं आत झोपण्यापेक्षा जड असतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. बायकोला मी हे कधी विचारलंच नव्हतं. तिथूनच तिला फोन केला. ती म्हणाली, "हो, असतं. पण आता तिकडे लक्ष द्या."

दादाचा फुटवा कोयत्याचा निघाला. अंगठ्याचा राहिला नव्हता. डाव्या बाजूच्या शेवटच्या वळणावर, अर्ध्या कच्च्या चिकूएवढा, रुंद बुडाचा. फासात सापडला नाही. तुकडा तपासला, तो कॅन्सरच होता. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडली, आणि कापलेल्या भागाबरोबर आसपासच्या बारीक गाठीही काढून तपासायला पाठवल्या.

तो रिपोर्ट यायला जे दिवस लागले, त्यात मी शाळेत गणित शिकवलं नाही. कोणी कोणाचं बघून उतरवताना दिसलं की मी वह्या मिटवायला लावायचो.

रिपोर्ट मी आणि दादाने एकत्र ऐकला. डॉक्टर म्हणाले, "अस्तर फोडला होता. स्नायूत गेला होता. पण तिथेच थांबला. गाठी सगळ्या स्वच्छ. लिव्हर स्वच्छ. केमो लागत नाही." मी रडायला लागलो. दादाने विचारलं, "मास्तर, पास झालो का नापास ते तरी सांग."

मग मी डॉक्टरांना ते विचारलं जे मला विचारायचंच होतं. सहा महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, असं नेमकं कोणी सांगू शकत नाही, आठ-दहा वर्षांची ही चीज, कदाचित तेव्हाही कापावंच लागलं असतं, कदाचित नाही. त्यांनी मला अधांतरी ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. खोटं सांगून मला सोडवणं त्यांचं काम नव्हतं.

ते काम दादाने केलं. घरी आल्यावर, अजून पोटावर उशी दाबून खोकत होता तेव्हा, वहिनी आत गेल्याचं पाहून म्हणाला, "ऐक. ते रक्त तुझ्या चूर्णाच्या आधीपासून होतं. वर्षभर. मीच कोणाला बोललो नाही. चूर्ण नसतं तर लाल माठ म्हणालो असतो. तू फार वाटून घेऊ नकोस."

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. आणि मग मी वहिनींकडे पाणी प्यायला गेलो आणि गप्पांच्या ओघात विचारलं, डाग पहिल्यांदा कधी दिसला? त्या म्हणाल्या, "तुम्ही डबा आणला ना, त्याच्या पंधरा दिवस आधी. मला पक्कं आठवतं, घरात वाळवणं घातली होती."

यातलं खरं कुठलं, मी शोधलं नाही. दादाने वर्षभर डाग स्वतःच धुतले आणि ते वहिनींना दिसले नसतील, असंही असू शकेल. किंवा दादाने मला नखाने मोडता यावं म्हणून माझं ओझं लहान करून दिलं असेल. मोठ्या भावाने दिलेलं आहे, मी ते ठेवून घेतलं आहे.

शिक्षा मात्र चुकली नाही. दादाला वर्षभर वाकायला मनाई होती, म्हणून नव्या कलमांचे फुटवे काढायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी तो खुर्ची टाकून बसतो आणि मी रांगत झाडाखाली जातो. वर्ष केव्हाच उलटलं. मनाई उठली, खुर्ची उठली नाही.

"तिसऱ्या झाडाखाली राहिला बघ."

"कुठे?"

"मागच्या बाजूला. चष्मा लाव. तुम्हा मास्तरांचं असंच, समोरचं दिसत नाही."

मी हात घालतो. पाल्याखाली करंगळीहून बारीक, मऊ, निरुपद्रवी दिसणारा रायणीचा कोंब सापडतो. नखाने मोडतो. बोटाला चीक लागतो, आणि तो दोन दिवस काही केल्या जात नाही.

दुपारी ओटीवर जेवायला बसलो की दादा भाताचा पहिला घास घेण्याआधी मला विचारतो, "आज सकाळी?"

"साफ. एकदा. रंग नेहमीचा," मी सांगतो. "तुझं?"

"दोनदा. रंग पिवळा, काल वांगी होती."

"अरे देवा," वहिनी वाढता वाढता म्हणतात, "दोन भाऊ वर्षानुवर्षं गप्प होते ते बरं होतं. आता जेवताना तरी गप्प बसा!"

पण त्या आमटी वाढतात, आणि दोघांचीही उत्तरं नीट ऐकून घेतात.